कानडा : न कळणाऱ्याचं नाव

आषाढ लागला की आमच्या घरात एक अभंग हमखास लागतो. आधी रेडिओवर लागायचा, मग कॅसेटवर, आता मोबाइलवर. ‘पांडुरंगकांती दिव्य तेज झळकती’. आशा भोसल्यांचा आवाज, हृदयनाथ मंगेशकरांची चाल. ध्रुवपद आलं की ज्याला गाता येत नाही तोही गुणगुणतो : कानडाऊ विठ्ठलु कर्नाटकु.

गेल्या आषाढात सातवीतल्या भाचीने विचारलं, “मामा, कानडाऊ म्हणजे काय?”

“कानडी,” मी म्हणालो.

“मग कर्नाटकु?”

“कर्नाटकातला.”

“म्हणजे एकच गोष्ट दोनदा सांगितली?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढा मोठा कवी, सहा कडव्यांत एकही शब्द वाया घालवत नाही आणि नेमका ध्रुवपदात ‘पुण्याचा पुणेकर’ म्हटल्यासारखं कशाला करेल? शब्दकोश काढून बसलो. ‘कानडाऊ’ सापडला नाही. सापडणारही नव्हता, कारण असा शब्द बहुधा नाहीच.

आधी ही गाठ सोडवू. छापील गाथांमध्ये या ओळीचे पाठ वेगवेगळे दिसतात. कुठे ‘कानडा हो’, कुठे ‘कानडावो’, कुठे ‘कानडाऊ’. जुन्या मराठीत एका बाईने दुसरीला हाक मारायची म्हणजे ‘गे’ किंवा ‘वो’ म्हणायचं. ‘रूप पाहतां लोचनीं, सुख जालें वो साजणी’ हे तर कीर्तनात सुरुवातीलाच कानावर पडतं. तिथल्या ‘वो’चा अर्थ ‘अगं’ आहे हे कुणाला सांगावं लागत नाही, कारण पुढे ‘साजणी’ उभी आहे. ‘कानडा विठ्ठल वो उभा भीवरेतीरीं’ असाही एक अभंग आहे. आता आपली ओळ बघा. ‘कानडा वो विठ्ठलु’. म्हणजे ‘कानडा आहे गं हा विठ्ठल’. पुढे साजणी नाही, त्यामुळे ‘वो’ पोरका झाला, शेजारच्या ‘कानडा’ला चिकटला आणि गाता गाता दोघांचं मिळून ‘कानडाऊ’ झालं. मला तरी हेच पटतं.

हा ‘वो’ म्हणजे निव्वळ भरतीचं अक्षर नव्हे. कोण बोलतंय हे तो सांगतो. अभंग ज्ञानदेवांच्या नावावर आहे, पण त्यात बोलते आहे बाई. ‘पाया पडूं गेलें’, ‘क्षेम देऊं गेलें’, ‘मीचि मी एकली’. सगळी रूपं स्त्रीलिंगी. एक विरहिणी आपल्या मैत्रिणीला सांगते आहे की अगं, हा माणूस कानडा आहे, मला काही म्हणजे काही कळत नाही याचं, आणि तरी जीव अडकला आहे त्याच्यात.

इथे आपण मूळ शब्दाशी येतो.

‘कानडा’चा आजचा अर्थ सरळ आहे : कर्नाटकातला, कन्नड बोलणारा. जुन्या मराठीत मात्र त्याला दुसराही अर्थ होता. दुर्बोध, गूढ, सहज हाती न लागणारं. जे ऐकू येतं पण उमगत नाही, ते कानडं. ज्ञानेश्वरांच्या काळातल्या मराठीत हा अर्थ रुळलेला होता. पुढे तो हळूहळू झिजला आणि भाषेचं नाव तेवढं मागे उरलं. त्यामुळे आज आपण जुना अभंग वाचतो तेव्हा शब्दाचा अर्धाच भाग आपल्या हाती लागतो, आणि उरलेला अर्धा कवीपाशीच राहतो.

भाषेचं नाव ‘न कळणारं’ या अर्थाने वापरायची खोड सगळ्या जगाला आहे. जुन्या ग्रीकांना परक्यांचं बोलणं ‘बर-बर’ असं ऐकू यायचं, म्हणून त्यांनी परक्यांना ‘बार्बारोस’ म्हटलं. पुढे त्याच ग्रीकांवर ही पाळी आली. शेक्सपिअरच्या ‘ज्युलिअस सीझर’मध्ये कास्का म्हणतो की सिसेरो जे बोलला ते मला ग्रीकच होतं. पोलिश आणि रशियन या भाषांमध्ये जर्मनांसाठी जो शब्द आहे, त्याचं मूळ ‘मुका’ या शब्दात आहे. म्हणजे ज्याचं बोलणं आपल्याला कळत नाही, त्याला बोलताच येत नाही! आपणही काही मागे नाही. दक्षिणेतली कुठलीही भाषा कानावर पडली की ‘काय यंडुगुंडू चाललंय’ म्हणणारे काका प्रत्येक घरात असतात.

पण ‘कानडा’ची गोष्ट यंडुगुंडूसारखी नाही, आणि माझं म्हणणं जे काही आहे ते इथेच आहे. यंडुगुंडू म्हणणाऱ्याला ती भाषा दूरची असते, ती कळावी अशी त्याची इच्छाही नसते. तेराव्या शतकातल्या मराठी माणसाला कानडी दूरची नव्हती. ती भिंतीपलीकडची होती.

नवव्या शतकातल्या ‘कविराजमार्ग’ या कानडी ग्रंथात कानडी मुलखाची हद्द सांगितली आहे ती कावेरीपासून गोदावरीपर्यंत. गोदावरी म्हणजे आपलं नाशिक, पैठण, नांदेड. हद्द सांगताना कवी थोडा सैल हाताने सांगत असेल असं धरलं, तरी दोन भाषांचे मुलूख किती एकमेकांत शिरले होते ते दिसतं. देवगिरीच्या यादवांच्या दरबारात मराठीला बरे दिवस आले, पण याच यादवांचे कानडीतले शिलालेखही भरपूर आहेत. दुसरीकडे, मराठीतल्या अगदी जुन्या कोरीव वाक्यांपैकी दोन आहेत ती श्रवणबेळगोळला, म्हणजे भर कर्नाटकात, गोमटेश्वराच्या पायाशी. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे शाळेत पाठ केलेलं असतं. त्याच्या जोडीचं दुसरं वाक्य कुणी फारसं सांगत नाही : ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’. यातलं ‘सुत्ताले’ म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी, आणि तो शब्द कानडीतला आहे. कानडीत ‘सुत्तु’ म्हणजे भोवती. मराठी शिलालेख म्हणून आपण ज्याचा अभिमान धरतो, त्यात एक कानडी शब्द मांडी घालून बसला आहे.

पंढरपूरचंच घ्या. विठ्ठल मंदिरातला 1237 सालचा शिलालेख होयसळ राजा सोमेश्वराच्या वेळचा आहे. भाषा संस्कृत आणि कानडी. विठ्ठलाच्या भोगासाठी गाव दान दिल्याची त्यात नोंद आहे आणि पंढरपूरचं नाव येतं ते ‘पंडरगे’ असं, कानडी वळणाचं. ज्ञानेश्वरी 1290 मधली. म्हणजे त्यात 53 वर्षांचंच अंतर आहे. ज्ञानेश्वरांच्या आजोबांच्या पिढीत पंढरपुरात कानडी राजाच्या दानाची शिळा कोरली जात होती.

या शेजाराची चव मला पुस्तकातून कळलेली नाही. मी सोलापूरकडचा. आमच्या वाड्यात आजी आणि शेजारच्या अक्का दुपारी शेंगा फोडत बसायच्या आणि एकदम मराठीतून कानडीत जायच्या. विषय सुनांचा निघाला की कानडी सुरू. आम्ही पोरं तिथेच, त्यांच्या पायाशी टरफलं गोळा करत. आवाज ओळखीचा, हेल ओळखीचा, मधूनच एखादं नावही कळायचं. तूप म्हणजे तुप्प हे ठाऊक होतं, अडकित्त्यातली ‘अडिके’ म्हणजे सुपारी हेही. एवढं सगळं कळूनही नेमकं जे कळायला हवं होतं ते निसटायचं. हे न कळणं परक्याचं न कळणं नाही. जवळच्या माणसाने आपल्यापासून काहीतरी झाकून ठेवल्याचं न कळणं आहे. ‘कानडा’ या शब्दात मला हा अनुभव दिसतो. समोर आहे, आपला आहे, ऐकू येतो आहे, पण हाती लागत नाही.

आता अभंग परत वाचा. तो किती वेगळा दिसायला लागतो!

‘खोळ बुंथी घेउनी खुणेचि पालवी, आळविल्या नेदी सादु.’ खोळ आणि बुंथी ही पांघरण्याची नावं आहेत. घोंगडीचं एक टोक आत दुमडून डोक्यावरून घ्यायचं, की खोळ होते. धनगर आजही पावसात तशीच घेतात. बुंथी म्हणजे अंगभर, तोंडावरून घेतलेलं पांघरूण. ‘पालवणं’ म्हणजे हात किंवा पदर हलवून बोलावणं. हा विठ्ठल घोंगडी पांघरून उभा आहे, चेहरा नीट दिसत नाही, हाताने ‘ये’ म्हणून खुणावतो आणि हाक मारली तर ओ देत नाही. भाषा येत नसलेल्या गावात बाजारात उभं राहिलं की हेच होतं. खुणांवर काम चालतं. तो खुणावतो ते आपल्याला कळतं, आपण बोलतो ते त्याच्यापर्यंत पोचतं की नाही ठाऊक नाही.

पुढची ओळ तर फार पुढे गेलेली आहे. ‘शब्देवीण संवादु, दुजेवीण अनुवादु, हें तंव कैसेनि गमे?’ इथला ‘अनुवाद’ आजच्यासारखा भाषांतर या अर्थाचा नाही. एकाने बोललेलं दुसऱ्याने पुन्हा बोलणं, असा तो जुना अर्थ. शब्द नाहीत तरी संवाद चालला आहे. दुसरा कुणी नाही तरी बोलण्याला प्रतिसाद मिळतो आहे. हे कसं काय जमतं, असं तीच विचारते. मग ती कबूल करते, ‘परेहि परतें बोलणें खुंटलें, वैखरी कैसेनि सांगे.’ आपल्या परंपरेत वाणीच्या चार पायऱ्या मानल्या आहेत. परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी. परा सगळ्यात आतली, शब्द अजून जन्मालाही आलेला नसतो तिथली. वैखरी म्हणजे ओठांवर आलेलं बोलणं. परेच्याही पलीकडे जिथे बोलणं अडतं, ते ओठांवर कसं यावं?

इथवर ‘कानडा’चे दोन्ही अर्थ एकाच वेळी चालू आहेत. तो कर्नाटकातला आहे म्हणून त्याची भाषा कळत नाही. आणि तो देव आहे म्हणून कुठल्याच भाषेत मावत नाही. एक अर्थ जमिनीवरचा, एक आकाशातला, आणि दोन्ही एकाच तीन अक्षरी शब्दात. भूगोल काढून टाकला तर नुसतं तत्त्वज्ञान उरतं, त्यात बाजार नाही, घोंगडी नाही, खुणावणारा हात नाही. गूढता काढून टाकली तर नुसता पत्ता उरतो.

नंतर गोंधळ वाढतच जातो. ‘पाया पडूं गेलें तंव पाऊलचि न दिसे.’ समोर आहे की पाठमोरा, तेही कळेना. ‘ठकचि पडिलें कैसें’. ठक पडणं म्हणजे थक्क होऊन जागच्या जागी उभं राहणं. शेवटी मिठी मारायला जाते तर मिठीत कुणीच नाही, ‘मीचि मी एकली’. एखाद्या प्रेमकथेत ही शोकांतिका ठरली असती. इथे तो कळस आहे. ज्याची भाषा शिकायला निघाली होती, तो दुसरा कुणी नव्हताच. ‘दुजेवीण अनुवादु’ असं आधी सांगितलं होतं त्याचा उलगडा इथे होतो. ‘भीतरीं पालटु झाला’ असं म्हणून अभंग संपतो. कानडा शेवटपर्यंत कानडाच राहतो, बदलते ती बघणारी.

मग ‘कर्नाटकु’ कशाला? भाचीचा प्रश्न शिल्लक आहेच. ‘कानडा’चा अर्थ गूढ असा घेतला की पुनरुक्ती आपोआप मिटते : अगं, अगम्य आहे हा विठ्ठल, कर्नाटकातला आहे ना! पण कीर्तनकारांकडे आणखी एक उलगडा असतो. कर-नाटकु, म्हणजे नाटक करणारा, लीला दाखवणारा. व्याकरणाच्या वहीत तो कितपत बसेल सांगता येत नाही. मला मात्र तो सोडवत नाही, कारण हा विठ्ठल अभंगभर नाटकच तर करतो आहे. बुंथी घेतो, खुणावतो, पाय लपवतो. शब्दाची व्युत्पत्ती आणि शब्दाचं कवितेतलं वागणं या दोन गोष्टी निराळ्या असतात. कवी व्युत्पत्ती न बघताही आवाजाशी खेळतो, आणि ‘कर्नाटकु’ म्हणताना ‘नाटकु’ ऐकू येतं हे त्यालाही ऐकू आलं असणार.

ज्या भाषेत हे सगळं लिहिलं गेलं तिचं नाव मऱ्हाटी, आणि तिच्याबद्दल ज्ञानेश्वरांना केवढा विश्वास! ‘माझा मऱ्हाटाचि बोलु कौतुकें, परि अमृतातेंही पैजा जिंके.’ गीतेचा अर्थ लोकांच्या हाती यावा म्हणून मऱ्हाटी, आणि ज्याचा अर्थ हाती येत नाही तो कानडा. दोन शेजारणींची नावं, आणि दोन्हींकडून कवीने काम करून घेतलं आहे. यात कानडीचा अपमान शोधायचा असेल त्याने शोधावा. मला तरी दिसत नाही. अपमान करायचा असता तर परब्रह्माला हे विशेषण कोण लावेल?

सगळ्यांनाच हा शेजार असा गोड वाटत होता असंही नाही. चक्रधरस्वामींनी आपल्या अनुयायांना सांगून ठेवलं होतं की कानड देशात, तेलंग देशात जाऊ नका, महाराष्ट्रात राहा. त्यामागचं कारण साधनेचं होतं. पण जाऊ नका असं सांगावं लागलं, याचा अर्थ लोक जात होते, येत होते.

तीनशे वर्षांनी एकनाथांकडे हा शब्द येतो तेव्हा त्याची पार चैन होते. ‘तीर्थ कानडें, देव कानडें, क्षेत्र कानडें पंढरीयें.’ ही ओळ वाचली की कान दुसरीकडे धावतो. नामदेवांच्या ‘तीर्थ विठ्ठल, क्षेत्र विठ्ठल, देव विठ्ठल, देवपूजा विठ्ठल’कडे. साचा तोच. नामदेव जिथे जिथे ‘विठ्ठल’ म्हणतात, तिथे तिथे नाथांनी ‘कानडें’ घातलं आहे. जणू तो देवाच्या नावाचाच पर्याय झाला. देव कानडा, क्षेत्र कानडं, आणि पुढच्या ओळीत भक्तही कानडे. आता मराठी बोलणाऱ्या वारकऱ्यालाही नाथ कानडा म्हणतात, तेव्हा निव्वळ ‘कर्नाटकातला’ हा अर्थ गळूनच पडतो. देवाचा वेध लागलेला माणूस इतरांना कळेनासा होतो, तोही कानडा होतो.

नाथांच्या घरात या शब्दाला एक घरगुती संदर्भही होता. त्यांचे पणजोबा भानुदास. विजयनगरच्या राजाने विठ्ठलाची मूर्ती नेली होती आणि भानुदासांनी ती पंढरीला परत आणली, अशी आख्यायिका वारकरी सांगत आले आहेत. ती इतिहास म्हणून कितपत खरी हा वेगळा प्रश्न. पण ज्या घरात लहानपणी पणजोबांची ही गोष्ट ऐकली जाते, त्या घरात ‘कानडा’ हा शब्द पोथीतून आलेला नसतो.

तुकोबांकडे आल्यावर मात्र चित्र एकदम जमिनीवर येतं. त्यांचा एक छोटासा अभंग आहे, भांडणाऱ्या संसारासारखा चुरचुरीत :

‘कानडीनें केला मऱ्हाटा भ्रतार, एकाचें उत्तर एका न ये.’

कानडी बाईने मराठी नवरा केला. एकाचं बोलणं दुसऱ्याला कळेना. पुढे तुकोबा चक्क कानडी बोलून दाखवतात : ‘तिनें पाचारिलें इल बा म्हणोन, येरु पळे आण जाली आतां.’ कानडीत ‘इल्लि बा’ म्हणजे इकडे ये. ती बिचारी प्रेमाने बोलावते आहे. त्याला भलतंच काहीतरी ऐकू येतं, आपल्याला शपथ घातली असं वाटतं आणि तो पळत सुटतो. दोन ओळींत अख्खं प्रहसन! आणि निष्कर्ष तुकोबांच्या खाक्याप्रमाणे रोखठोक : जिथे एकमेकांत असं तुटलेपण असतं, तिथे सुखाच्या पोटीही शीणच वाढतो. म्हणून देवा, मला सज्जनांचीच संगत दे, माझं असं करू नकोस.

‘इल बा’ पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी जागीच हसलो होतो. आमच्या आजीचं पहिलं कानडी वाक्य, जे मला न शिकवता कळलं, ते हेच. ‘इल्लि बा.’ ते कळण्याचं कारण सोपं होतं. तिच्या दुसऱ्या हातात शेंगदाण्याची चटणी लावलेली भाकरी असायची. देहूच्या वाण्याला साडेतीनशे वर्षांपूर्वी हे दोन शब्द ठाऊक होते आणि ते ऐकणाऱ्यांना विनोद कळेल याची खात्रीही होती. टाळ वाजवत बसलेल्या गर्दीला ‘इल बा’चा अर्थ सांगावा लागत असता तर हा विनोद पडला असता.

एकच परिस्थिती दोघा कवींनी किती उलट वापरली आहे, ते बघण्यासारखं आहे. बोलावणारा एकीकडे, न कळणारा दुसरीकडे. ज्ञानदेवांच्या अभंगात न कळण्याने ओढ लागते, तुकोबांच्या अभंगात न कळण्याने माणूस पळतो. तिथे विठ्ठल कानडा, इथे बायको. तिथे हातवाऱ्यांनी काम भागतं, इथे शब्द असूनही अडतं. तुकोबांनी ‘कानडी’ शब्दातला गूढपणाचा अर्थ बाजूला ठेवला आणि भाषेचं नाव तेवढं घेतलं. त्यांच्या काळापर्यंत जुना अर्थ पातळ होत चालला असावा, असं मला यावरून वाटतं. हा माझा अंदाज आहे, पुरावा म्हणून धरू नका.

संगीतात गेलात तर हाच शब्द रागाच्या नावात भेटतो. दरबारी कानडा, नायकी कानडा. तिथेही मूळ कर्नाटकचंच, पण ‘न कळणारा’ हा अर्थ तिथे नाही. दरबारीतला आंदोलित, म्हणजे झुलता, गंधार गळ्यात बसवताना शिष्याला तो अर्थ आठवतो, ही गोष्ट वेगळी.

विसाव्या शतकात अर्थ विसरला गेला होता, शब्द फक्त भजनात उरला होता. अशा वेळी ग. दि. माडगूळकरांनी चित्रपटासाठी गीत लिहिलं, ‘कानडा राजा पंढरीचा’. 1970 सालच्या ‘झाला महार पंढरीनाथ’मधलं. सुधीर फडक्यांची चाल, स्वतः फडके आणि वसंतराव देशपांडे यांचे आवाज. गदिमांनी जे केलं ते मला फार हुशारीचं वाटतं. त्यांना ठाऊक होतं की थिएटरमध्ये बसलेल्या माणसाला ‘कानडा’ म्हणजे कर्नाटकचा एवढंच कळणार. म्हणून त्यांनी आधीची ओळच अशी बांधली की वेदांनाही याचा अंतपार कळला नाही, आणि मग ‘कानडा राजा’. तळटीप न देता तळटीप. ज्याला जुना अर्थ माहीत आहे त्याला ती ओळ म्हणजे शब्दाची फोड वाटते, ज्याला माहीत नाही त्याला नुसतं गाणं आवडतं. जवळजवळ सातशे वर्षं जुना अर्थ गदिमांनी असा अलगद परत जागेवर ठेवला.

याच शब्दावरून वाद घालायचीही हौस लोकांना आहे. विठ्ठल मूळचा कुणाचा, कानडी की मराठी? रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या 1984 मधल्या ग्रंथात या दैवताची दक्षिणेतली, गवळी-धनगरांमधली मुळं खणून काढली. ‘कानडा’ या शब्दाकडेही त्यांनी गंभीरपणे पाहिलं. ग्रंथाच्या नावातला ‘समन्वय’ मात्र वाद घालणारे सोयीने विसरतात. सीमाप्रश्न तापला की कुणीतरी हा अभंग पुरावा म्हणून फडकवतं, एक बाजू ‘बघा, तुमच्याच संताने म्हटलंय’ म्हणून, दुसरी बाजू ‘छे, त्याचा अर्थ अगम्य असा आहे’ म्हणून. दोघेही अर्धा शब्द पळवतात. कविता म्हणजे तहसीलदाराचा रहिवासी दाखला नव्हे. तिकडे कर्नाटकात पुरंदरदासांनी सोळाव्या शतकात प्रत्येक पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठल’ अशी मुद्रा ठेवली. त्यांचा विठ्ठल त्यांना भाषेमुळे अडला नाही. आणि आपल्या घराघरांत अभंगवाणी पोचवली ती गदगच्या बाजूने आलेल्या भीमसेन जोशींनी. मराठीतला ‘विठ्ठल’ असा खर्जातून वर येतो तेव्हा त्या उच्चाराला हलकासा कानडी हेल आहे, हे माझ्या आजीने पहिल्यांदा ओळखलं होतं. “नम्मवरु,” ती म्हणाली होती. आपल्यातला.

यातलं बरंचसं मी भाचीला सांगितलं. विरहिणी, साजणी, ‘वो’, घोंगडीची खोळ, सगळं. तिने खोळ मात्र करून बघितली, चादरीची, आणि डोक्यावरून घेऊन मला हाताने ‘ये’ अशी खूण केली. मी हाक मारली तर ओ दिली नाही.

“कळलं ना आता?” मी विचारलं. “कानडाऊ असा शब्द नाहीये. कानडा वो.”

“पण गाण्यात कानडाऊच ऐकू येतं,” चादरीच्या आतून आवाज आला. “मी तसंच म्हणणार.”